प्रेमाताईंनी पुरवलेला शब्द

पडदा वर जातो तेव्हा मंचावर सकाळचा उजेड आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली जुनी इमारत, तिसरा मजला. खाली पुठ्ठ्याची खोकी करणारं यंत्र धाडधाड चाललंय, त्यामुळे वरच्या टेबलावरचे चहाचे कप अंगात आल्यासारखे मधूनच थरथरतात. टेबलाच्या अल्याड खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेला, उन्हाने रापलेला एक माणूस. पल्याड हिरवी सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, केसांत मूठभर रुपेरी बटा. मध्ये रेकॉर्डर, त्याचा लाल दिवा लागलेला. या बाई म्हणजे प्रेमा श्यामकांत घाडी, मुक्काम भटवाडी, घाटकोपर. वय एक्कावन्न. हुद्दा इंटर्न.

त्या पहिल्यांदा या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा इथल्या वकिलाने, ओजसने, अदबीने खुर्ची पुढे केली होती.

"बसा ना काकू. मुलगी मागून येतेय का?"

"कुठली मुलगी?"

"इंटर्न. तुम्ही सोडायला आलात ना तिला?"

"माझी मुलगी बंगळूरला असते. इंटर्न मीच."

ओजस कानापर्यंत लाल झाला. तेव्हापासून तो त्यांना काकू म्हणतो आणि त्या त्याला चारचौघांत सर म्हणतात. एकट्यात मात्र "अरे, जेवलास का?"

अर्धं आयुष्य टायपिस्ट म्हणून गेलेल्या प्रेमाताईंनी, लेकीचं लग्न झाल्यावर कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात सांगितलं, की युद्धात बाजारावर तोफा डागायचा हुकूम देणाऱ्यालाही वीस वर्षांनी, परक्या देशातल्या कोर्टासमोर उभं करता येतं. मात्र पाहिलेलं कोणीतरी नीट सांगावं लागतं. प्रेमाताईंनी वहीवर लिहिणं थांबवलं. इतकी मोठी गोष्ट, आणि तिला साधा सांगणारा माणूस लागतो! ओजसचं कार्यालय नेमकं हेच काम करायचं. दूरच्या युद्धांत जे लोक सापडले, त्यांच्या जबान्या घेऊन ठेवायच्या, कधीतरी आंतरराष्ट्रीय न्यायालयात उपयोगी पडाव्यात म्हणून.

आता समोर बसलेला माणूस नंदू कुबल. मूळचा मालवणचा, राहायला जोगेश्वरीला, पोटासाठी जहाजावर खलाशी. त्याचं जहाज परदेशातल्या एका बंदराला लागलं होतं, तेव्हा धक्क्याशेजारच्या बाजारात पावासाठी रांग लावलेल्या माणसांवर गोळे पडले. बंदरामागच्या डोंगरावर एक फौज होती, समोर समुद्रात दुसऱ्या फौजेच्या युद्धनौका. दोन्ही फौजा एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. म्हणून सगळं येऊन ठेपलं होतं ते एकाच प्रश्नावर: गोळे आले कुठून?

नंदूला मराठी, हिंदी दोन्ही येत होतं, पण त्या दिवसाविषयी बोलताना त्याची जीभ मालवणीशिवाय वळेना. प्रेमाताईंच्या माहेरची बोली मालवणीच, म्हणून ओजसने काम त्यांच्यावर सोपवलं. बजावलं मात्र खणखणीत. "काकू, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. शब्द पुरवायचा नाही."

आता हे सांगायला सोपं. प्रेमाताईंचे वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या नाटकांत प्रॉम्प्टर असायचे. विंगेत उभे राहून अडखळलेल्या नटाला पुढचा शब्द हळूच द्यायचे. काय माणसं होती ती! दिवसभर कापसाचे तंतू नाकातोंडात, आणि रात्री अंगावर राजाचा शेला. त्या घरात शब्दासाठी कोणाला ताटकळत ठेवणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारण्यासारखं. शेजारीण दारात येऊन "अगो, ता... ता ह्यां..." म्हणाली की छोटी प्रेमा "किसणी?" म्हणून किसणी घेऊनच उभी.

"भाऊ, आवाज खयसून इलो?" त्यांनी विचारलं.

नंदूने कप उचलला, परत ठेवला. "आवाज... आवाज इलो तो..." ओठ हलले, शब्द येईना. कपाळावर घाम आला. प्रेमाताईंना ते बघवेना.

"डोंगरासून?"

"होय," नंदू म्हणाला. "डोंगरासून."

दोघांनाही सुटल्यासारखं झालं. पुढची जबानी झरझर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमाताई हेडफोन लावून ती जबानी टाइप करत होत्या. तो प्रश्न आला, ती शांतता आली, आणि कानात स्वतःचाच आवाज पडला. किती मायेचा! त्यांची बोटं थांबली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. डोंगर त्यांनी म्हटला होता. नंदूने नुसतं होय म्हटलं होतं.

संध्याकाळी घरी चहा गाळता गाळता त्यांनी नवऱ्याला सांगितलं. श्यामकांत टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "टाइप तूच करतेस ना? मग गाळ तो शब्द. कोणाला कळणार आहे?"

"आणि डोंगरावाल्यांनी मारलंच नसेल तर?"

"अगं, पण तुला काढून टाकलं तर? एवढी धडपड केलीस."

"तीच तर भीती आहे."

"तुझ्या त्या ओजसचा फोन नंबर दे. मी सांगतो त्याला, बायको माझीपण वाक्यं पुरी करते. तीस वर्षांत मला एक पूर्णविराम देऊ दिला नाही."

प्रेमाताई हसल्या, पण चहा त्यांना गोड लागला नाही.

सकाळी ऑफिसात पर्ससुद्धा खाली न ठेवता त्यांनी ओजसला ती जागा ऐकवली. त्याने डोळे मिटून घेतले.

"वाट लागली, काकू. समोरचा वकील फक्त हा एक शब्द उचलेल आणि अख्खी जबानी फाडेल. शिकवलेला साक्षीदार म्हणेल."

"नंदूभाऊ खोटं नाही बोलत रे."

"मला माहितेय. पण कोर्टाला कसं माहीत असणार?"

"मग मी जाऊ? म्हणजे... कायमची?"

"जाऊन कसं चालेल? मालवणी मला येते का?" तो उठला. "झालंय ते जसंच्या तसं ठेवायचं. तुमचा शब्द तुमच्या नावावर. त्याला परत बोलवू, प्रश्न मी विचारेन. तुम्ही फक्त भाषांतर. आणि काकू, प्लीज..."

तो पुढे काय म्हणणार ते प्रेमाताईंना ठाऊक होतं. त्या बोलल्या नाहीत.

"...प्लीज, मध्ये बोलू नका," ओजसने वाक्य पुरं केलं.

नंदू लगेच आला. त्याला त्याच आठवड्यात जहाजावर चढायचं होतं, मग कित्येक महिने दर्यावर. पुन्हा तेच टेबल, तोच लाल दिवा. ओजसने विचारलं, प्रेमाताईंनी जसंच्या तसं मालवणीत सांगितलं: आवाज खयसून इलो?

नंदू गप्प. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं. नाटकात अशी जागा आली की प्रेक्षागृहात खोकले सुरू होतात, इथे तेही नाहीत. नंदूने प्रेमाताईंकडे पाहिलं, मदत मागितल्यासारखं. त्यांच्या जिभेवर डोंगर होता, दर्या होता, आकाशही होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि त्या टेबलावरच्या कपाकडे बघत राहिल्या.

"डोंगर माका दिसाक नाय," नंदू अखेर म्हणाला. "मधी मोठी क्रेन होती. मी दोर बांधी होतंय, मान खाली. सुंय करून आवाज इलो तो पाठसून, दर्यासून. आमच्या डोलकाठीवरसून गेलो. मगे बाजार पेटलो."

प्रेमाताईंनी शब्दाला शब्द ठेवून मराठीत सांगितलं.

"मग परवा डोंगर का म्हणालात?" ओजसने विचारलं.

नंदू ओशाळला. "ताईनी म्हटल्यानी. चाय पाजल्यानी, इतक्या मायेन इचारल्यानी. बाईमाणसाक तोंडार खोटा कित्या पाडूचा?"

बाईमाणसाला तोंडावर खोटं कशाला पाडायचं, हेही प्रेमाताईंनी भाषांतर करून सांगितलं, एक अक्षर न गाळता. ओजसने खाली मान घालून हसू लपवलं. मग नंदूने क्रेन कुठे होती, दोर कुठल्या बाजूचा, सगळं कागदावर आखून दाखवलं. आज त्याला घाईच नव्हती. प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचा, आठवायचा, मग सांगायचा. मनात पडून राहिलेलं कितीतरी बाहेर आलं: बाजारातल्या पाववाल्याचं नाव, जहाजावर पळून चढलेली माणसं, त्यांना दिलेली पेज.

जायच्या वेळी ओजस म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यात दोन खलाशी येतायत. देवगडचे. बसणार ना?"

त्यांनी नुसती मान डोलावली. मग त्या नंदूला सोडायला जिन्यापर्यंत गेल्या. पायरीवर तो थबकला.

"ताई, ह्यां सगळा कोर्टात कधी जातला? त्या लोकांका न्याय मिळतलो मा?"

प्रेमाताईंनी चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावर दोन दिवसांनी निवांतपण होतं.

"माका ठावक नाय, भाऊ. खराच ठावक नाय."