मावशींनी काढलेली चिठ्ठी

नोंदणी कचेरीतल्या मावशींनी आजवर कुणाचं काही ठरवलं नव्हतं. बावीस वर्षं त्या तिथे शिपाई होत्या. जुन्या दस्तांचे गठ्ठे फडताळातून काढायचे, धूळ झटकून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आणि संध्याकाळी जिथल्या तिथे लावायचे. नवरा गेल्यावर त्याची पेन्शन कुठल्याशा फायलीत अडकली, तेव्हा चौकातल्या वकिलांनी दोन वर्षं हेलपाटे घालून ती सोडवून दिली होती. उपकाराची भाषा मात्र त्यांनी कधी केली नाही.

यंदा विधानसभेला तेच वकील उभे राहिले. समोर होत्या डॉक्टरीणबाई. मावशींचा धाकटा दीर वकिलांच्या प्रचारात घसा बसेपर्यंत फिरला. मतदानाच्या दिवशी सकाळीच मावशींच्या मुलीला कळा सुरू झाल्या. दुपारी दीर इस्पितळाच्या व्हरांड्यात हजर.

"वहिनी, चला. दहा मिनिटांत परत आणून सोडतो."

"पोरगी आत तळमळतेय आणि मी मत टाकायला जाऊ? एका मतानं कुणाचं काय अडलंय, भाऊजी?"

नात झाली तेव्हा मतदान संपून तास उलटला होता.

निकालाच्या दिवशी मावशींची नेमणूक मोजणीच्या सभागृहात, पाणी द्यायला झाली. दुपारी शेवटची फेरी संपली. दोघांना अगदी सारखी मतं! पुन्हा मोजली. टपालानं आलेली मतं भिंगाखाली धरून पाहिली. एकही मत इकडचं तिकडे होईना. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी काढायचं ठरलं, पण ती काढणार कोण यावरून दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली.

"या पाणी देणाऱ्या मावशी काढतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वकिलांनी मान डोलावली. "माझी हरकत नाही."

मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "साहेब, मी नको. मी तर या वेळी मतसुद्धा दिलेलं नाही."

निवडणूक अधिकारी दिवसभरात पहिल्यांदा हसले. "मग तुमच्याइतकं तटस्थ माणूस इथं दुसरं कोण सापडणार?"

एका पेटीत दोन सारख्या घड्या टाकल्या. मावशींनी पदराला हात पुसला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि बोटांना लागली ती घडी उचलली. अधिकाऱ्यांनी ती उलगडून सगळ्यांना दाखवली. नाव डॉक्टरीणबाईंचं होतं. बाहेर एकच गलका उठला. दाराशी उभा असलेला दीर मावशींकडे एकदा पाहून निघून गेला. पुढे आठ-दहा दिवस तो घराकडे फिरकलाही नाही.

चिठ्ठीचं मावशींना काही वाटत नव्हतं. न बघता केलेल्या कामाला त्या काय करणार? टोचणी होती ती वेगळीच. त्या दिवशी मत टाकलं असतं तर ते वकिलांनाच पडलं असतं, आणि चिठ्ठीची वेळच आली नसती. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या वकिलांच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

वकिलांनी चष्मा काढला. त्यांना हसू फुटलं.

"मावशी, माझे थोरले भाऊ त्या दिवशी सकाळी आठपासून बूट घालून खुर्चीत बसले होते. त्यांना चालवत नाही. मी म्हटलं होतं, मतदानाला न्यायला गाडी पाठवतो. गावभर गाड्या धाडल्या आणि नेमकं त्यांनाच विसरलो. ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते."

"अगं बाई! मग रागावले असतील."

"रागावले कसले! निकाल ऐकून मलाच धीर देत होते. बसा तुम्ही. तुमच्या दिराला मी सांगतो, वहिनीशी धड बोल म्हणून."

मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या. वकिलांनी टेबलावरचे कागद चाळले आणि एक पुढे केला.

"हा एक जुना दस्त हवा होता. कचेरीत सापडत नाही म्हणतात."

मावशींनी कागद लांब धरून वर्ष वाचलं. "नाही कसा? वरच्या फडताळात असेल, शिडी लावायचा कंटाळा. उद्या अकराला या, काढून ठेवते."

असं म्हणून त्या उठल्या. सुट्टी संपत आली होती.