गिटारच्या डब्यातला कापूस

सत्यासाठी सगळं आयुष्य वेचलेला एकच माणूस मी जवळून पाहिला. त्यानं सत्याशी कधी तडजोड केली नाही, त्यापायी नातेवाईक दुखावले, मित्र गमावले, एका मंत्र्याचाही मुलाहिजा ठेवला नाही. हे सत्य साधारण एक इंच लांब असे आणि ते फक्त कापसात सापडे. इतर बाबतींत महादेवराव ठोंबरे तुमच्याआमच्यासारखेच होते. पाहुणा नको असला की ते आतल्या खोलीतून "मी घरी नाई म्हणून सांग" असं पाहुण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बायकोला सांगत.

बाभुळगावच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी आली की ते ढिगात हात घालून एक पुंजका काढत, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढत, सुटलेला धागा नखावर आडवा ठेवून पाहत आणि प्रत सांगत. प्रतीवर भाव ठरे. या सगळ्याला पानाला चुना लावण्याइतका वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात कापूस आणणारा माणूस श्वास घेत नसे.

मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या शेजारी खोली मिळाली. ओळख करून घ्यायला ते आले, माझ्या नव्या गादीवर बसले आणि बोलता बोलता शिवणीतून एक पुंजका ओढून काढला.

"काय म्हणून घेतली गादी, सर?"

"सावरीच्या कापसाची. यवतमाळहून."

त्यांनी पुंजका ओढला, नखावर ठेवला, फुंकून टाकला. "सावरी नाई. मिलच्या खालची झाडझूड हाय. पण झोप येईन. झोपेले धागा नाई लागत."

पुढे कळलं की ते सगळीकडेच असं करत. लग्नात लोडाला टेकून बसले की लोड हलका होई. अत्तराचा फाया कानात घालून कुणी समोर आलं तर त्याची धडगत नसे. कुणी रागावलं तर म्हणत, "मी नाई पाह्यत. हे बोट पाह्यते."

बोटाला जे समजतं तेवढंच सांगायचं, ही त्यांची एकमेव शिस्त. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा कापूस त्यांनी खालच्या प्रतीत टाकला. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, घरचा माणूस हाय मी." ठोंबरे साहेब म्हणाले, "तू घरचा हायस. कापूस बाहेरचा हाय." महिनाभर बायकोनं त्यांना वाढलं, पण बोलली नाही. तो महिना बरा गेला, असं ते मला खासगीत म्हणाले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बियाण्याचं पाकीट महाग झालं होतं, भाव खाली बसला होता, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत ज्या कारणासाठी येई ते कारण गावात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. मग पाहणी करणारी पथकं येऊ लागली. प्रत्येक पथकाजवळ स्वतःचं स्पष्टीकरण आणि स्वतःचं पिण्याचं पाणी असे. एक मंत्रीही आले. ढिगावर चढून त्यांनी ओंजळ भरून कापूस उचलला, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि "हे आमचं पांढरं सोनं" असं जाहीर केलं. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मंत्र्यांच्या ओंजळीतूनच पुंजका घेतला, ओढला आणि म्हणाले, "साहेब, फरदड हाय हे. शेवटल्या वेचणीचं. फोटोले चालते."

मंत्री हसले. फरदड म्हणजे काय ते बहुधा गाडीत बसल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण पंधरा दिवसांत साहेबांची बदली राजूरकडे, कोळशाच्या खाणींच्या बाजूला झाली. "तठी जाऊन मी काय ओढून पाहू?" एवढंच ते म्हणाले. वर्षभरानं परत आले तेव्हा बाभुळगावला खरेदी केंद्र चालू होतं, पण खरेदी नव्हती. गाड्या खासगी व्यापाऱ्यांकडे वळल्या होत्या. तिथं कापूस ओढून पाहत नसत, नुसता पाहत. साहेब रोज दहा वाजता जाऊन निंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि पाचला परत येत.

या दिवसांतच प्रमोद भगतच्या अ‍ॅम्प्लिफायरचं प्रकरण घडलं.

प्रमोद आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याची भीमगीतांची पार्टी होती आणि पार्टीत तो गिटार वाजवायचा. त्याच्याकडे गिटारचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. घरात त्याला नुसतं 'डब्बा' म्हणत. यवतमाळच्या मिशन कंपाउंडातल्या एका अमेरिकन पाद्र्यानं मायदेशी परतताना तो आपल्या ड्रायव्हरला दिला होता, आणि तो ड्रायव्हर म्हणजे प्रमोदचे वडील. डब्बा अमेरिकेतल्या विजेवर चालणारा, म्हणून त्याच्यासोबत एक वजनदार ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पोत्यात फिरे.

पण लोकांना आता डीजे हवा होता, आणि ज्यांना पार्टी हवी होती त्यांना कीबोर्ड हवा होता. कीबोर्ड नाही म्हटल्यावर सुपारी दुसऱ्या पार्टीला जाई. एप्रिल तोंडावर आला होता. जयंतीचे कार्यक्रम हातचे गेले तर पार्टी मोडणार आणि प्रमोद पुण्याला जाणार, हे ठरलं होतं. त्याच्या चुलतभावानं तिकडे एका गोदामावर रखवालदाराची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. डब्बा विकून कीबोर्ड घ्यायचा, एवढा एकच मार्ग उरला होता. चांगला भाव आला तर नवा कीबोर्ड, नाही तर गोदाम.

गिऱ्हाईक पुण्याहूनच आलं. अनिरुद्ध नावाचा, संगणकाच्या कंपनीतला तिशीचा माणूस. जुने अ‍ॅम्प्लिफायर जमवण्याचा त्याला नाद. बरोबर बॅटरी, पेचकस आणि इंटरनेटवरून छापलेल्या कागदांचा गठ्ठा. प्रमोदच्या गल्लीत त्या वेळी वीज नव्हती, माझ्याकडे होती, म्हणून डब्बा माझ्या ओसरीवर आला.

डब्बा लावला. आतले काचेचे दिवे हळूहळू तांबूस झाले आणि प्रमोदनं एक सूर छेडला. डीजेच्या आवाजानं छातीत धडधडतं; या आवाजानं तसं काही झालं नाही. तो नुसता ओसरीभर पसरून राहिला. अनिरुद्धनं डोळे मिटून घेतले. विकत घेणाऱ्यानं डोळे मिटले की विकणाऱ्यानं भाव वाढवावा, हे प्रमोदला सुचलं नाही.

मग मागची फळी उघडून वय शोधणं सुरू झालं. बाहेरचं मूळ कापड केव्हाच गेलेलं. त्या जागी ऑटोच्या सीटचं मरून रेक्झिन होतं, त्यामुळे रूपावरून काही ठरत नव्हतं. स्पीकरच्या कडेला मात्र सहा आकड्यांचा शिक्का सापडला. अनिरुद्धनं समजावून सांगितलं: पहिले तीन आकडे कारखान्याचे, शेवटचे दोन आठवड्याचे, आणि मधला एक सालाचा. साल होतं '६'.

"म्हणजे छप्पन किंवा सहासष्ट," तो म्हणाला. "किमतीत दुपटीचा फरक पडतो."

"छप्पनचाच हाय," प्रमोद लगेच म्हणाला. "माहे बाबा सांगे, पाद्रीबाबानं छप्पन साली आणला."

प्रमोदच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला होता. त्या घराची कालगणना तिथून सुरू होई, आणि घरात आलेली कुठलीही चांगली वस्तू शक्यतो त्याच साली आलेली असे. मला यात काही गैर वाटलं नाही. राजांनी याहून क्षुल्लक कारणांसाठी शक सुरू केले आहेत.

अनिरुद्धनं बॅटरीचा झोत आत टाकला. स्पीकरच्या मागे खोकं कापसानं गच्च भरलेलं होतं. तो हरखला. "हे कारखान्यातलंच भरण असणार. म्हणजे डबा कधी उघडलेला नाही आणि स्पीकर मूळचा आहे. तसं असेल तर बाकीच्या खुणांवरून मी छप्पन धरायला तयार आहे."

प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवा कीबोर्ड स्पष्ट दिसत होता. आणि त्याच वेळी माझं लक्ष दाराकडे गेलं. गिटार ऐकून ठोंबरे साहेब आले होते आणि चपला काढून उभे होते. त्यांची नजर कापसावर होती. उजवा अंगठा हलत होता.

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते पुढे आले, वाकले, पुंजका काढला, ओढला.

"अमेरिकेचा नाई हा. आपल्या इकडचाच हाय. लांब धागा, हायब्रीड. सत्तरच्या आंधी हा कापूस आपल्या वावरात नव्हताच."

अनिरुद्धचा हिशेब सरळ होता. डबा सत्तरनंतर इथंच कुणीतरी उघडलाय. तर मग स्पीकरही तेव्हाच बदललेला असू शकतो. तर मग त्या '६' ला अर्थ नाही. तो कागद गोळा करू लागला.

"साहेब," प्रमोद म्हणाला, "एक बार अजून पाहा ना."

केंद्रावर कापूस आणणाऱ्याला पुन्हा पाहा म्हणायचा हक्क असे, आणि साहेब दुसऱ्या जागचा पुंजका घेऊन खरंच पुन्हा पाहत. ते खाली बसले आणि खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आलेला कापूस पिवळा पडलेला, दाबून चपटा झालेला होता. त्यांनी तो दोनदा ओढला.

"हा येगळा हाय. देशी, आखूड धागा. खाली देशी, वर हायब्रीड. म्हणजे हा डब्बा दोन डाव भरला. पह्यला भरलेला जुना हाय."

अनिरुद्ध कागद तसेच टाकून पुढे सरकला. खालचं जुनं भरण जागचं हललेलं नसेल तर स्पीकरही मूळचाच, आणि त्या '६' ला पुन्हा अर्थ होता. आता तो साहेबांकडे ज्या नजरेनं पाहत होता ती नजर निंबाखालच्या खुर्चीला फार दिवसांत मिळाली नव्हती. "काका, म्हणजे हा पन्नासच्या दशकात इथं होता? तुम्ही म्हणाल ते मी मानतो."

एका 'हो' चं काम होतं. प्रमोदनं गिटारची मान अशी धरली होती की मला तिचीच काळजी वाटली. मी खाकरलो. माझ्या बाजूनं सत्याला तेवढीच सूट देता येत होती.

साहेबांनी धागा नखावर परत ठेवला. बराच वेळ पाहिला.

"खालचा हाय, म्हणून आंधीचा हाय. एवढंच बोटाले समजते. देशी कापूस त्याच्यानंतरही लय वर्षं होता."

"पण छप्पनचा असू शकतो ना?"

"असू शकते. मीही मंत्री असू शकतो."

अनिरुद्ध हसला. शंका असली की नंतरचं साल धरायचं, असा या छंदातला नियम आहे म्हणे. त्यानं सहासष्टच्या भावानं डब्बा घेतला, पोत्यातला ट्रान्सफॉर्मरही घेतला, आणि जाताना साहेबांच्या पाया पडला. प्रमोद कुणाच्या पाया पडला नाही. साहेबांच्या अंगावरून जाताना तो एवढंच म्हणाला, "काहून आले तुमी इथं?"

साहेब माझ्या ओसरीवर बसून राहिले. चहा दिला तो थंड झाला. मग म्हणाले, "सर, त्यानं इचारलं नसतं तर बरं झालं असतं. इचारल्यावर मले दुसरं काही सांगता येत नाई." ही फुशारकी नव्हती. एखादा आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलतो तसं ते बोलले.

आलेल्या पैशांत नवा कीबोर्ड बसला नाही. प्रमोदनं अमरावतीहून जुना आणला. त्याच्या दोन पट्ट्या बंद होत्या. त्या दोन सुरांना वळसा घालून चाली बसवल्या गेल्या. पार्टी टिकली आणि गोदामाला दुसरा रखवालदार मिळाला. पण प्रमोद साहेबांशी बोलेना. रस्त्यात ते दिसले की तो सायकल आडव्या गल्लीत घाली. वर्ष असंच गेलं.

पुढच्या जयंतीला साहेब कार्यक्रमाला गेले आणि पहिल्या रांगेत बसले. मी बरोबर होतो. कार्यक्रम संपल्यावर ते सरळ स्टेजपाशी गेले.

"प्रमोद, दोन पट्ट्या बंद हायत ना?"

"तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणी नाई. प्रत्येक गाणं त्याच दोन जागी उडी मारून राह्यलं."

प्रमोदनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावलेलं राहायचा त्याचा प्रयत्न होता, पण तो फार टिकला नाही. "पार्टीतल्या लोकायले सांगू नका, साहेब," तो म्हणाला. "त्यायले वाटते ती माही ष्टाइल हाय."

"त्यायनं इचारलं नाई तर नाई सांगत," साहेब म्हणाले.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका दुपारी ते जेवून झोपले आणि उठले नाहीत. शोकसभेचं प्रमोदनंच अंगावर घेतलं. चौकात लावायच्या फ्लेक्सचा मजकूर लिहायला तो माझ्याकडे आला. नाव झालं, 'कापूस ग्रेडर' झालं, मृत्यूची तारीख झाली. जन्माशी गाडी अडली. साहेबांच्या बायकोला विचारलं तर त्या म्हणाल्या, "कापसाच्या जीनले आग लागली त्याच्या दुसऱ्या साली, असं त्याइची माय सांगे. कोणती जीन, थे नाई माहीत."

"सर्व्हिस बुकात असेल ती तारीख टाकू," मी म्हणालो.

"थे शाळेतल्या मास्तरनं अंदाजानं टाकलं असंन, सर, साऱ्या पोरायले एकच तारीख," प्रमोद म्हणाला. "माहीत नाई तर लिहाचं नाई." त्यानं माझ्या हातून पेन घेतलं आणि 'जन्म' हा शब्द खोडून टाकला.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. नावाखालची जागा मोकळी वाईट दिसते म्हणून फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं 'जन्म: १ जुलै' असं छापलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सर्व्हिस बुक काढून पाहिलं. तारीख बरोबर होती.