विहिरीजवळचं वळण

निवृत्तीनंतर वर्षभर मी घरीच होते. मग एक दिवस खडकवासल्याच्या पलीकडचे एक शेतकरी घरी आले. त्यांची सात एकर उताराची जमीन होती आणि तिच्यावर त्यांना गो-कार्टचा ट्रॅक करायचा होता. गो-कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, बिनछपराची, रेसची छोटी गाडी. तीस वर्षं मी रस्ते आखत होते, एवढ्यावर ते माझ्याकडे आले होते. रेसमधलं मला काही कळत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, रेसवाला माणूस हाय माझ्याकडं, तुम्ही फक्त कुणी मरणार नाही तेवढं बघा.

रेसवाला माणूस म्हणजे स्वारगेटजवळ गॅरेज असलेले पन्नाशीचे गृहस्थ. तरुणपणी ते मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायचे. एका पडण्यात डावा गुडघा गेला तो गेलाच. पहिल्या भेटीत त्यांनी माझा नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही रिंगरोडची फाइल चुकून आणलीत का?"

मला राग आला. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी सगळी वळणं मोठी, सौम्य केली होती आणि चढउतार सपाट करून टाकले होते. अशा ट्रॅकवर दुसऱ्या फेरीतच माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की शेजारच्याला धक्के मारायला लागतो, असं त्यांनी मला समजावलं. वळण अवघड असलं की डोकं ताळ्यावर राहतं, हे त्यांचं मत.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण मी ते एकदा पाहिलं होतं. नोकरीत असताना एका घाटातलं वाईट वळण मी आग्रहाने सरळ करून घेतलं होतं. त्यानंतर तिथले अपघात थांबले आणि खालच्या वळणावर सुरू झाले. लोक तिथे पूर्वीपेक्षा जोरात पोचत होते. त्यातल्या एका अपघाताच्या जागी मी स्वतः पाहणीला गेले होते. रस्त्याकडेला एक जेवणाचा डबा उघडा पडला होता. त्याबद्दल मी घरीही फारसं कधी बोलले नाही.

आम्ही नकाशा नव्याने काढला. उतार तसाच ठेवला. उताराच्या तळाशी डावीकडे एक घट्ट वळण आलं. गॅरेजवाले त्यावर खूश होते. अडचण एकच होती. वळण चुकलं तर गाडी सरळ पुढे जाणार, आणि पुढे पंधरा पावलांवर विहीर होती.

विहीर बुजवायला मालक तयार नव्हते. वाडवडिलांनी खणलेली, उन्हाळ्यात अजून पाणी देणारी. कठडा बांधला तर गाडी त्यावर आपटणार, नाही बांधला तर आत जाणार. मी वळणाआधी वेग कमी करायला दोन छोटी नागमोडी वळणं सुचवली. तिथे सगळ्या गाड्या एकमेकींवर चढतील, असं गॅरेजवाले म्हणाले. तीन रविवार आम्ही याच जागी उभं राहून वाद घातला. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले की थोडा धोका राहणारच, रेस आहे. मी म्हटलं, "गुडघा तुमचा गेला, तो तुमचा निर्णय होता. इथे लोक मुलांना घेऊन येणार आहेत." मला नंतर वाईट वाटलं.

तेवढ्यात मालकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप दिले, जमिनीवर मारलेल्या चुन्याच्या रेघांकडे पाहिलं आणि विचारलं, "गाड्या ह्याच अंगानं का फिरत्यात? उलट्या फिरवल्या तर?"

गेट ज्या बाजूला होतं तिथून मी पहिली रेघ सुरू केली होती, एवढंच कारण. उलट दिशेने आलेली गाडी विहिरीकडे तोंड करून येतच नव्हती. ती आडवी यायची आणि उजवीकडे चढाला लागायची. चुकली तर समोर भुईमुगाचं मोकळं रान होतं. उताराचं अवघड वळण आता जमिनीच्या दुसऱ्या टोकाला जात होतं, आणि तिथे पुढे नुसतं पडीक. गॅरेजवाले लंगडत पूर्ण फेरी चालून आले. परत येऊन म्हणाले, "वहिनी, आम्ही तीन आठवडे काय करत होतो?"

त्या म्हणाल्या, चहा पीत होतात.

त्या पडीक जागेत आम्ही गवत लावलं आणि टोकाला जुने टायर एकमेकांना पट्ट्याने बांधून रांगेत ठेवले. विहिरीला जाळी बसवली ती मी हट्टाने. पहिली चाचणी गॅरेजवाल्यांनीच केली. चौथ्या फेरीत ते उताराच्या वळणावर मुद्दाम उशिरा ब्रेक दाबून आले. गाडी गोल फिरली, गवतावरून घसरत गेली आणि टायरांना टेकून थांबली. मी धावत गेले. वयाला न शोभणारी धाव होती ती. ते हेल्मेट काढत होते. वळण चांगलंय, म्हणाले.

ट्रॅक सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा मालकांचा फोन आला. काही गिऱ्हाइकं तक्रार करत होती की ते वळण जमतच नाही, जरा सोपं करून द्या. मी रविवारी वही घेऊन तिथे बसले. दोन तासांत अकरा गाड्या गवतात गेल्या. अकराही स्वतःच परत ट्रॅकवर आल्या, आणि त्यांतल्या नऊ जणांनी पुन्हा तिकीट काढलं. मी मालकांना सांगितलं, हात लावू नका.

आता महिन्यातून एकदा मी टायरांचे पट्टे तपासायला जाते.