खुंटा पाहिला, दावं पाहिलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि मी तिच्यापासून काही लपवून ठेवू शकतो, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. मी घरातला बडबड्या. बारसं असो, लग्नाची पंगत असो, "ती कुंकवाची सांगा ना" अशी फर्माईश आली की मी मांडी ठोकून बसतोच. हौसाबाईने कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, म्हणून खोलीभर यंत्र आजारी पडलं – ही ती गोष्ट. हौसाबाईचा आवाजही काढतो मी. माणसं पोट धरून हसतात.

ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे – कुंकू लावलं हे खरं. यंत्र बंद पडलं हेही खरं. मधला 'म्हणून' तेवढा खोटा. तो मी चालवून घेतला, आणि सात-आठ वर्षं चालवतो आहे.

कसं सांगू? जरा लांबूनच येतो, एकदम जमायचं नाही.

सत्तर-एकाहत्तर सालच्या सुमारास मी लोणावळ्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत होतो. वडगावहून जाऊन-येऊन. तिथे एक कॉम्प्युटर होता, कपाटांची रांग लावावी तसा. आम्हाला धड पंखा नव्हता, त्याला थंड हवेचं यंत्र. शिकायला आलेली मंडळी भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन येत आणि आपापले प्रोग्रॅम चालवत. या सगळ्यांवर देखरेख करणारा एक मूळ प्रोग्रॅम यंत्रात कायमचा बसलेला असे. त्याला आम्ही गाभा म्हणायचो. कुणाला किती जागा, कुणाची पाळी कधी, हे तो ठरवणार. बाकीच्यांनी आपल्या हद्दीत राहायचं, गाभ्याच्या जागेला हात लावायचा नाही.

पण या गाभ्यातच एक पळवाट सापडली. प्रोग्रॅम त्याला म्हणे, माझी कार्डं वाच आणि अमुक जागी नेऊन ठेव. ती जागा कुणाची, हे न विचारता हा ठेवून मोकळा – अगदी स्वतःच्या जागेवरसुद्धा. उद्या कुणी वाह्यात निघाला, तर गाभाच पुसून आपण मालक होऊन बसायचा. ती वाट बुजवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं.

मी काय केलं? सामान जिथून ठेवायला सुरुवात व्हायची, ती जागा मागणाऱ्याच्या हद्दीत आहे का, एवढं तपासणाऱ्या चार ओळी गाभ्यात घातल्या. छाती फुगली. कौतुक ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून केर काढणाऱ्या हौसाबाईला धरलं.

हौसाबाई कुरवंड्याच्या बाजूची, डोंगरातल्या वाडीवरची. चार वर्षं रोजंदारीवर होती. तिला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडला होता, दसरा झाला की सही होणार होती. ती सही झाली की डोक्यावर मोळ्या वाहायचं कायमचं सुटलं, असं ती येता-जाता सगळ्यांना सांगायची. तिला कळावं म्हणून मी म्हशीवर आलो. म्हटलं, समज, कुणी म्हैस बांधायला आला, तर खुंटा त्याच्याच रानात आहे ना, ते मी बघतो. नसला तर हाकलून देतो.

तिने केरसुणी थांबवली. "खुंटा हाय त्याच्या रानात. पर दावं किती लांब सोडलंय ते कोन बगतंय, भाऊ? म्हस शेजारच्याचं भात खाऊन जायाची की."

मी हसलो. म्हटलं, कॉम्प्युटरला दावं नसतं, बाई. – नसतं? किती कार्डं वाचायची तो आकडा म्हणजे दुसरं काय होतं? पण बाजारातून झेंडू घेऊन संध्याकाळच्या आत वडगाव गाठायचं होतं. 'वाट बुजवली, तपासली' असं रजिस्टरात लिहून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. साहेबांनी बाहेर पायरीवर नारळ फोडला. आत ताट हौसाबाईच्या हातात. कपाटांना बोटं लावून झाली, तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्या कार्डं गिळणाऱ्या तोंडालाही लाव, सगळ्यात जास्त खातं तेच. सगळे हसले. तिने लावलं.

तासाभरात यंत्र ठप्प. कार्डांचं यंत्र उघडलं तर रबरी चाकावर कुंकू. झालं, सगळ्यांना कारण सापडलं. माझ्या हातात मात्र यंत्राच्या पोटात काय काय आहे ते छापून काढलेला लांबलचक कागद होता. एका शिकाऊ माणसाने चुकून दहापट कार्डं मागितली होती. सुरुवात त्याच्याच हद्दीत, अगदी सोवळ्यात – आणि पुढची कार्डं ओसंडून थेट गाभ्यावर. खुंटा रानात, म्हैस भातात.

कुंकू कुणी लावलं, साहेबांनी विचारलं.

"म्या लावलं," हौसाबाई म्हणाली.

भाऊंनी सांगितलं म्हणून लावलं, असं नाही म्हणाली. मी दीड हातावर उभा होतो. मी कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. एवढंच केलं मी.

तिच्या कागदावर सही झाली नाही. आठवड्याच्या आत तिला यायचं नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस जाऊ दिले आणि मी दाव्याची लांबी मोजणाऱ्या ओळी गुपचूप घातल्या – तिनेच सांगितलेल्या. रजिस्टरात लिहिलं, 'कार्डांचे यंत्र साफ केले.' दिवाळीत पहिल्यांदा घरी गोष्ट सांगितली. माणसं हसली. हसली, म्हणून पुन्हा सांगितली. दर वेळी तिचा आवाज जरा जास्त घोगरा केला, तिला जरा जास्त अडाणी केलं. अडाणी ती होती का?

मे महिन्यात ती दिसली. लोणावळ्याच्या बाजारात, पुढ्यात करवंदांची पाटी. मी मान वळवली, पण तिनेच हाक मारली.

"भाऊ, ते मशीन बरं हाय ना आता?"

मी हो म्हणालो.

"लय जिवाला लागलं व्हतं. माज्याच हातनं झालं ना ते. देवाला नारळ बोलले, म्हनलं त्ये बरं होऊ दे. फोडून आले."

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, साहेब नव्हते, माझी नोकरी जाणार नव्हती. मी काय म्हणालो असेन? "होतं असं कधीकधी, हौसाबाई." माफ केल्यासारखं.

तिला बरं वाटलेलं दिसलं. तिने पानाचा द्रोण वर येईपर्यंत करवंदांनी भरला आणि माझ्या हातात दिला. पैसे देऊ केले, तर घेतले नाहीत.

मी तो घेतला. स्टेशनापर्यंत चालता चालता सगळी करवंदं खाल्ली. गोड होती.