सासूला उपाशी ठेवतेस म्हणे

आगाशीच्या बाजारात त्या दिवशी शेजारच्या दुर्गाकाकूंनी मला सगळ्यांसमोर अडवलं. "काय गो, सासूला उपाशी ठेवतेस म्हणे?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला फार दिवस झाले नव्हते... आणि सासूबाई थोड्या वेळापूर्वीच माझ्या हातचा भात आणि बोंबलाचं कालवण जेवून उठल्या होत्या.

आई, म्हणजे सासूबाई, मोठ्या खमक्या. सासरे गेल्यावर केळीची वाडी एकटीने सांभाळून त्यांनी दोन मुलं वाढवली होती. पण हल्ली चुलीवर रिकामंच पातेलं ठेवायच्या, मला "तू कोणाची गो?" विचारायच्या. जेवलेलं विसरायच्या आणि दारोदार जाऊन रडायच्या, "कालपासून पोटात अन्न नाही."

लोकांनी तरी काय समजायचं... रडणारी म्हातारी खरी वाटणार, की बाहेरून आलेली सून? भगताने गंडा बांधला, कुणी मिरच्या ओवाळल्या. डिमेन्शिया हा शब्द आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता.

नवरा सकाळीच मुंबईला ऑफिसला जायचा. दिवसभर घरात आम्ही दोघीच. वाडीत बावखल होतं, चांगलं खोल तळं. विहिरीवर पाण्याला जाताना मी बाहेरून कडी लावायचे, त्या बावखलाकडे जाऊ नयेत म्हणून.

नेमकी अशाच एका दुपारी माझी नणंद आली, कुसुमवन्सं. बंद दाराआड आई ओरडत होत्या, "मला कोंडलंय!" मी घागर घेऊन परतले तर वन्सं कडी काढून दारात उभ्या. "वहिनी, माझ्या आईला जनावरासारखी कोंडतेस?" एवढंच म्हणाल्या आणि आईंना चंदनसारला आपल्या घरी घेऊन गेल्या.

पंधरवडा झाला असेल. वन्सं एकट्याच आल्या आणि ओट्यावर बसल्या. मनगटावर आईंनी चावल्याचे वण होते.

"माझे शेजारी मला विचारतायत गं, आईला उपाशी का ठेवतेस म्हणून..." म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. मी पाणी आणून दिलं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच अशा शेजारी शेजारी बसलो होतो.

आईंना आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, बरा होणार नाही. वाद घालू नका, पुन्हा जेवण मागितलं तर 'भात शिजतोय' म्हणा. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, एकट्या माणसाच्याने हे होणार नाही.

शेजाऱ्यांना सांगायला मात्र माझ्या नवऱ्याने साफ नकार दिला. "घरात वेड आहे म्हणून गावभर दवंडी पिटायची? कुसुमच्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून." ते ऐकून वन्संही गप्प झाल्या. आईंना परत आमच्याकडे आणलं... दाराची कडी काढली, पण तोंडं बंदच ठेवली.

पावसाळा सरत आला होता. आईंना ओट्यावर बसवून मी मागे कपडे धुवायला गेले, परत आले तर ओटा रिकामा. हाका मारत सगळी वाडी पालथी घातली. संध्याकाळी आई बावखलात सापडल्या.

अंगणात माणसं जमली. कुजबुज माझ्या कानावर येत होती... सुनेच्या जाचाला कंटाळून म्हातारीने जीव दिला. दुर्गाकाकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी बघितलं गो त्यांना तिकडे जाताना. वाटलं, रुसून चालल्यात. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात कशाला पडा..."

वन्सं आईंच्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"जीव नाही दिला तिने. तिला वाटच कळत नव्हती. आजार होता मेंदूचा, आम्ही लपवला. वहिनीने तिला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही." मग काकूंकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही हात धरून तिला घरी आणलं असतं, काकू."

माझा नवरा तोंड फिरवून उभा होता.

त्यानंतर वन्संनी लाज सोडली ती कायमची. कुणाच्या घरचं म्हातारं माणूस असं वागतंय असं कळलं, की त्या तिथे जायच्या. आधी सुनेशी बोलायच्या, मग आजूबाजूच्या घरी जाऊन समजावायच्या. "आमच्याकडे कुणी वेडं नाही," म्हणून लोकांनी त्यांना हाकलूनही दिलं... त्या पुन्हा जायच्या.

वन्संना जाऊन आता बरीच वर्षं झाली. विरारला हल्ली डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांसाठी ट्रेनिंग असतं, तिथे मीही मदतीला जाते. नवीन आलेल्या प्रत्येकीला मी एकच विचारते, शेजाऱ्यांना सांगितलंय का? अजूनही बहुतेक जणी मान खाली घालून 'नाही' म्हणतात.

मग मी चपला घालते आणि तिच्यासोबत तिच्या शेजारच्या घरी जाते. हे मला वन्संनी शिकवलं.