आप्पांनी उठवलेला थवा

चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात शिरूरच्या स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी वळकटी स्वतः एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून एवढेच म्हणाले, "जवारी काढायच्या आत ये." मी भांडून पळालो असे आमच्या कवठे येमाईत आजही सांगणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. कोकणातल्या एका बंदर कचेरीत कारकुनाची जागा मिळाली होती. वडिलांच्या संमतीने गेलो.

दौंडला स्थायिक झालेला माझा धाकटा भाऊ महादू लग्नकार्यांत निराळीच हकीकत रंगवतो. आप्पा मला न्यायला आले, मला त्यांची लाज वाटली, मी त्यांना परत धाडले. महादू तेथे नव्हता. मी होतो.

ज्वारी निघाली तरी मी गेलो नाही, हे खरे. म्हणून आप्पा आले. सकाळी त्यांना समुद्र दाखवायला नेले. आमचे साहेब दुर्बीण लावून ओल्या वाळूवरचे तुतवार न्याहाळत होते. लाटेमागे धावणारे, लाट आली की माघारी पळणारे चिमुकले पक्षी. 'हे माझे वडील' अशी ओळख मी करून दिली. तेवढ्यात सुरूच्या बनावरून ससाणा झेपावला. आप्पांची हयात ज्वारीत माळ्यावर उभे राहून पाखरे हाकलण्यात गेलेली. ससाण्याला हुसकावण्यासाठी त्यांनी अशी आरोळी ठोकली, की उलट अख्खा थवाच उठला आणि त्यातला एक ससाण्याने अलगद उचलला.

"अहो आजोबा, काय केलंत हे!" साहेब कडाडले.

"त्याला हाकलत व्हतो, साहेब. तुमी तर नुसतं बघतच व्हता की!"

मी हळूच म्हणालो, "आप्पा, हितं राखण करत न्हाईत."

वाळूवर पडलेल्या पिसांकडे पाहत आप्पांनी विचारले, "मग तू हितं काय करतूस?"

दुपारच्या गाडीने ते गेले. मी धाडले नाही. पण थांबवलेही नाही. महादूला आरोप करायचाच असेल तर हा करावा.

निवृत्तीनंतरही मी येथेच आहे. हिवाळ्यात तुतवार आले की घरात बसवत नाही. ससाणा दिसला की घशाशी आरोळी येते, ती गिळून टाकतो. ती जेथे मोकळी सोडता यायची, ते ज्वारीचे रान माझे घर होते. तेथे आता ऊस उभा आहे, त्यावर पाखरू बसत नाही. 'परत या' म्हणणाऱ्यांनो, कशाच्या राखणीला येऊ?