कोंबड्याच्या तुऱ्याबाहेरचा लाल

"रंग सरकलाय. पोरीला सांग, फाइलमध्येच सरळ करून घेतो."

गोखिवऱ्यातल्या छापखान्याचे मालक हे पप्पांना हळूच सांगत होते, पण मशीन बंद असल्याने मला टेबलाच्या पलीकडे स्पष्ट ऐकू आलं. समोर माझ्या पहिल्या चित्रपुस्तकाच्या कव्हरचा नमुना होता. कोंबड्याच्या तुऱ्याचा लाल रंग काळ्या रेषेच्या उजवीकडे बाहेर आला होता आणि डावीकडे पांढरी फट राहिली होती. मी तो तसाच काढला होता. दुपारनंतर छपाई सुरू होणार होती.

रिटायर होईपर्यंत पप्पा इथेच मशीन चालवायचे. तेव्हाचं मशीन एकरंगी. चार रंगांसाठी कागद चार वेळा आत जायचा आणि प्रत्येक रंग नेमका जागेवर बसेपर्यंतचे कागद वाया जायचे. त्याच कागदांवर पुढच्या कामाची जुळणी व्हायची. जूनमध्ये आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. दोन्ही बाजूंनी छापलेली, त्यामुळे कोरी बाजू वर घ्यायची सोयच नव्हती. शाळेत बाकीच्यांच्या वह्या ब्राउन पेपरमध्ये. माझ्या भूगोलाच्या वहीवर कैरीच्या फोडी आणि त्यांच्यावरून खोकल्याच्या औषधाची बाटली. तुझे डॅडी लोणचं विकतात का, असं एका मुलीने विचारलं. मी तशी क्वचितच बोलायचे. पण तासभर त्या कव्हरकडे बघत बसले. बाटलीचा लाल कैरीच्या हिरव्यावर चढून तिथे एक तपकिरी झाला होता. तसा माझ्या खडूंच्या डब्यात नव्हता.

पप्पा आमच्यासाठी निवडून निवडून कमी बिघडलेले कागद आणायचे. मला जास्त सरकलेले हवे असायचे. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. उमेळ्याच्या आमच्या वाडीत केळीच्या पानाची सावली चुन्याच्या भिंतीवर पानापासून जरा हटून पडायची. घरात येशूच्या तसबिरीपुढचा लाल दिवा चौकट सोडून भिंतभर पसरायचा. पुढे कॉलेजमध्ये सरांनी जुनी परदेशी पोस्टर्स पडद्यावर दाखवली. त्यांत रंग एकीकडे, रेषा दुसरीकडे. वर्ग माना खाली घालून लिहून घेत होता. मी ताठ बसले. हे तर आमच्या घरी पोत्याने पडलेलं असायचं.

मालक आता हसत होते. "केसभर रंग हलला तरी माझ्या पोरांना झापायचास. आता बोल की."

पप्पांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कागदाच्या कडेच्या, रंग जुळलेत का ते दाखवणाऱ्या फुल्या तपासल्या. चारही रंग एकमेकांवर चोख बसले होते. म्हणजे छपाईत चूक नव्हती. जे सरकलं होतं ते माझ्याच चित्रात. त्यांनी भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिलाच विचारा म्हणाले.

आत्ता गप्प राहिले असते तर तो लाल मुकाट्याने रेषेच्या आत गेला असता. पुस्तकभर. आणि ती पप्पांच्या पोरीची चूक म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिली असती.

"अंकल, तो सरकलेला नाही, मी सरकवलाय. पप्पा घरी आणायचे त्या कागदांवरून शिकले मी हे. असाच छापा."